नऊशे रुपयांचा हिशेब

गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी माहीमचे एक गृहस्थ आमच्या दादरच्या कार्यालयात आले. त्यांच्या आईचे खुब्याचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया पार पडली होती आणि सोमवारी डिस्चार्ज मिळणार होता. घरात ते, पत्नी आणि बारावीतला मुलगा. नवराबायको दोघेही नोकरीवर जाणारे. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर तीन ब्युरोंचे, म्हणजे घरी पेशंटच्या देखभालीसाठी सिस्टर आणि मावशी पुरवणाऱ्या संस्थांचे, दर व्यवस्थित रकाने पाडून लिहिलेले होते. चौथ्या रकान्यात आमचे नाव लिहून त्यांनी विचारले, "सिस्टर, चोवीस तासांची मावशी बाहेर हजारात मिळते. तुम्ही अकराशे कसे सांगता, आणि वर कर वेगळा?"

प्रश्न रास्त होता आणि विचारण्याची पद्धतही सभ्य होती. मी त्यांना दहा-पंधरा मिनिटे काहीबाही समजावून सांगितले, त्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि ते गेले. आपण नीट उत्तर दिले नाही ही रुखरुख मात्र माझ्या मनात राहिली, म्हणून ते उत्तर इथे सविस्तर लिहीत आहे.

थोडे माझ्याविषयी. महापालिकेच्या एका रुग्णालयात बावीस वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यानंतर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि २००९ मध्ये हा ब्युरो सुरू केला. आज माहीमपासून गिरगावपर्यंत आणि पलीकडे पार्ल्यापर्यंत साधारण चाळीस घरांत आमच्याकडून माणसे जातात. त्यांत थोड्या प्रशिक्षित सिस्टर आणि चार-पाच ब्रदर आहेत, बाकी सगळ्या मावशी. सिस्टर इंजेक्शन देते, कॅथेटर बदलते, ड्रेसिंग करते आणि निघते. मावशी आंघोळ घालतात, भरवतात, कुशीवर वळवतात, डायपर बदलतात, औषधांच्या वेळा सांभाळतात आणि थांबतात. हे थांबणेच आमच्या धंद्यातला सर्वात मोठा खर्च आहे, आणि नेमकी तीच गोष्ट कोणाला खर्च वाटत नाही.

आधी बारा तासांच्या ड्युटीचा हिशेब मांडते, कारण तो सोपा आहे. आकडे गेल्या महिन्यापर्यंतचे, म्हणजे ते गृहस्थ आले तेव्हाचे. आम्ही कुटुंबाकडून दिवसाला ९०० रुपये घेतो, म्हणजे महिन्याचे २७,००० होतात. त्यातून मावशींना दिवसाचे ७०० मिळतात. आठवड्याला एक सुट्टी धरली तर २६ दिवसांचे १८,२०० रुपये झाले. उरलेल्या चार दिवसांना रिलीव्हर, म्हणजे बदलीची मावशी, पाठवावी लागते. तिला ७५० द्यावे लागतात, कारण अनोळखी घरी एका दिवसासाठी जायला कोणी सहजासहजी तयार होत नाही. ते ३,००० झाले. मजुरीचे एकूण २१,२०० गेले आणि हातात ५,८०० राहिले. कर्मचारी राज्य विम्याचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ६८९ रुपये. भविष्य निर्वाह निधी आम्ही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर भरतो. त्यावर मालकाचे १२ टक्के आणि प्रशासनाचा व निधीशी जोडलेल्या जीवनविम्याचा मिळून आणखी एक टक्का, असे १,९५० जातात. उरले ३,१६१. त्यातून कार्यालयाचे भाडे, फोनवर बसणाऱ्या दोन मुलींचे पगार, गणवेश, पोलीस पडताळणी, दिवाळीचा बोनस, रजेचे पैसे, बुडालेली बिले आणि मावशींचे खाली दिवस भागवायचे असतात. चाळीस घरांचे मिळून जे उरते त्यावर माझे घर चालते, हे नाकारत नाही. परंतु "मधल्यामध्ये ब्युरोवाले दोनशे खातात" हे वाक्य ऐकले की हा कागद पुढे सरकवावा असे मला दर वेळी वाटते.

खाली दिवस म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. कोणा पेशंटची सेवा तीन वर्षे चालते, कोणाची अकरा दिवस. पेशंट पहाटे तीन वाजता गेला तर मावशींचे काम त्याच पहाटे संपते. घरातले लोक आल्यागेल्यात असतात, मावशी पेशंटचे अंग पुसून, कपडे बदलून, पहिल्या लोकलने टिटवाळ्याला परततात आणि मला फोन करून विचारतात, "ताई, दुसरं काही आहे का?" कधी दुसऱ्या दिवशी काम निघते, कधी तीन आठवडे निघत नाही. पगारी पद्धतीत या तीन आठवड्यांचा काही वाटा आम्ही उचलतो. पूर्ण उचलत नाही, कारण झेपत नाही. शेवटच्या महिन्याचे बिल ही तर आणखी नाजूक बाब आहे. तेराव्यापर्यंत मी पैशाचा विषय काढत नाही. त्यानंतर काढला की कधी मुलगा म्हणतो बहीण देणार होती, आणि बहीण म्हणते भावाने दिले असतील. वर्षाकाठी अशी दोन-चार बिले सोडून द्यावी लागतात.

माझ्या व्यवसायातल्या कित्येकांनी या सगळ्या कटकटीवर फार पूर्वीच तोडगा काढला आहे. ब्युरोने फक्त ओळख करून द्यायची, पैसे कुटुंबाने थेट मावशींना द्यायचे आणि ब्युरोने महिन्याचे कमिशन घ्यायचे. असे केले की मावशी तुमच्या कर्मचारी नाहीत. मग भविष्य निर्वाह निधी नाही, राज्य विमा नाही, रजा नाही, आणि जीएसटीही सहसा नाही. शेवटचा मुद्दा आकड्यांत पाहण्यासारखा आहे. सेवा देणाऱ्या व्यवसायाला नोंदणी बंधनकारक होण्याची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे. महिना २७,००० च्या हिशेबाने सहा घरांची पूर्ण बिले आमच्या नावाने निघाली तर वर्षाचे १९ लाख ४४ हजार होतात. सातवे घर आले की २२ लाख ६८ हजार, म्हणजे मर्यादा ओलांडली. तेच मी फक्त कमिशन घेतले असते, तर चाळीस घरे सांभाळूनही तिच्या आत राहिले असते. म्हणजे जबाबदारी घेणारा सातव्या घरालाच कराच्या जाळ्यात येतो आणि जबाबदारी झटकणारा कित्येक वर्षे बाहेर राहतो.

कराची रेषाही मोठी गमतीची आहे. रुग्णालय, नोंदणीकृत डॉक्टर किंवा निमवैद्यकीय व्यक्तीने दिलेली आरोग्यसेवा करमुक्त आहे. मनुष्यबळ पुरवठ्यावर मात्र १८ टक्के कर आहे. आमची सिस्टर घरी जाऊन नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब बदलते ते पहिल्या प्रकारात बसू शकते, आणि मावशी त्याच ट्यूबमधून दिवसातून सहा वेळा खाऊ घालतात ते दुसऱ्या प्रकारात जाते, असे आमच्या सनदी लेखापालांचे मत आहे. मी त्यांच्याशी दोनदा वाद घातला, पण सुरक्षित बाजूने चालावे हा त्यांचा सल्ला शेवटी मान्य केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला आणि प्रौढांच्या डायपरवरचा १२ चा ५ टक्के झाला. त्याबद्दल तक्रार करण्याचे काहीच कारण नाही. महिन्याला साठ-सत्तर डायपर लागणाऱ्या घराला तेवढाच दिलासा. तरी डायपरवर ५ टक्के आणि तो बदलणाऱ्या हातांवर १८ टक्के, ही आजची स्थिती आहे. २७,००० च्या बिलावर हा कर ४,८६० होतो. कुटुंबाला ३१,८६० द्यावे लागतात, आणि या वाढीव रकमेतला एक रुपयाही मावशींपर्यंत पोचत नाही. कुटुंब नोकरदारांचे असल्यामुळे ते हा कर कुठे वळताही करून घेऊ शकत नाही.

मग २०१६ मध्ये आम्ही पगारी पद्धतीकडे का वळलो, असे मला विचारतात. त्याचे कारण उदात्त नव्हते. आमच्या एका मावशी पेशंटला कमोडच्या खुर्चीवर बसवताना घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. कमिशनच्या पद्धतीत त्या कोणाच्याच नव्हत्या. कुटुंबाने हजार रुपये दिले, मी पाच हजार दिले, आणि त्या चार महिने घरी बसल्या. त्यांची धाकटी मुलगी त्या वर्षी शाळेतून निघाली. त्यानंतर कमिशनची पावती फाडताना मला शरम वाटू लागली, एवढेच. राज्य विम्याचे कार्ड असते तर मनगटाचा उपचार झाला असता आणि घरी बसलेल्या दिवसांचे काही पैसेही मिळाले असते. महिन्याला २१,००० पर्यंत मजुरी असलेल्यांसाठीच ती योजना आहे.

परंतु गंमत अशी की पगारी पद्धत आणली तेव्हा पहिला विरोध मावशींनीच केला. मजुरीतून त्यांच्या हिश्श्याचे १,८०० निधीसाठी आणि १३७ विम्यासाठी कापले की १८,२०० चे हातात १६,२६३ येतात. "ताई, कापू नका, हातात द्या. म्हातारपणी काय व्हायचं ते होईल," हे मी किमान वीसजणींकडून ऐकले आहे. ज्या बाईला जूनमध्ये शाळेची फी भरायची आहे आणि दिवा या उपनगरातल्या खोलीचे भाडे वाढले आहे, तिला म्हातारपणीच्या रकमेचे महत्त्व कसे पटवायचे? काहीजणी सोडून कमिशनवाल्यांकडे गेल्या. त्यांना मी दोष देत नाही.

मजुरी वाढत नाही असे नाही. ती वाढतेच, आणि वाढायला हवी. ९ मे २०२५ पासून बेस्टचे साध्या बसचे किमान भाडे ५ चे १० रुपये झाले. दादरला उतरून वरळीला जाणाऱ्या मावशींना जाऊन-येऊन रोज दहा रुपये जास्त पडू लागले, २६ दिवसांचे २६० झाले. आकडा लहान आहे. पण दिवसाला दहा रुपयांची वाढ मागायला आलेल्या बाईला मी कोणत्या तोंडाने "पुढच्या वर्षी बघू" म्हणणार? त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. वेतनाची व्याख्या बदलली आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. हे सगळे न्याय्य आहे. पण न्याय्य खर्च भागवायला पैसा कुठून यायचा हा प्रश्न त्याने सुटत नाही.

पैसा देणारा आमच्याकडे एकच आहे, आणि तो म्हणजे घर. रुग्णालयात पेशंट असेपर्यंत त्याच्यामागे विमा असतो, सरकारी योजना असते, कधी ट्रस्ट असतो. डिस्चार्जच्या कागदावर सही झाली की हे सगळे दारातच थांबते. आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ती खुली झाली; पण ती रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस तिच्यात धरलेले असले तरी मावशी तिच्यात नाहीत. खासगी आरोग्य विम्याचे तर विचारूच नका. विमा नियामकाने २०१९ मध्ये सर्व कंपन्यांच्या पॉलिसींतील अपवादांची भाषा एकसारखी केली. त्या यादीतला पाचवा संकेतांक काढून वाचा. आंघोळ घालणे, कपडे बदलणे, हिंडायला-फिरायला मदत करणे अशी वैयक्तिक देखभाल, मग ती घरी असो की शुश्रूषागृहात, परिचारिकेने केलेली असो की अप्रशिक्षित माणसाने, विम्यात धरली जाणार नाही, असे तिथे लिहिलेले आहे. आमच्या मावशींच्या कामाचे इतके नेमके वर्णन मी दुसऱ्या कोणत्याही अधिकृत कागदावर वाचलेले नाही, आणि ते नकाराच्या यादीत आहे!

मुंबईतल्या म्हाताऱ्या माणसांची आर्थिक स्थितीही विचित्र असते. खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून मिळणारी किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. श्रावणबाळ योजनेचे १,५०० मिळतात. आणि हा माणूस राहतो ते घर बाजारभावाने कोटीच्या घरातले असते. घर गहाण ठेवून दर महिन्याला पैसे घेण्याची उलट गहाणखताची सोय २००७ पासून आहे, परंतु तिला घर स्वतःच्या मालकीचे लागते. गिरगावातल्या आमच्या निम्म्या पेशंटांची घरे पागडीची आहेत. खोलीत राहून पन्नास वर्षे झाली, मुले तिथेच वाढली, आणि बँकेच्या लेखी ती खोली त्यांची नाहीच. पुनर्विकासाचा करार झाला की पैसे येतील, या आशेवर मावशींची दोन बिले थकवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे तगादा लावायला जीभ रेटत नाही.

आता चोवीस तासांच्या ड्युटीकडे येते, कारण माहीमच्या गृहस्थांचा प्रश्न तिच्याविषयी होता. दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन मावशी लावल्या तर दिवसाचे १,८०० आणि महिन्याचे ५४,००० होतात, कर वेगळा. एकच मावशी चोवीस तास राहिली तर १,१००, म्हणजे महिन्याचे ३३,००० होतात. एकवीस हजारांचा फरक पाहून शंभरातली नव्वद घरे दुसरा पर्याय घेतात. मी त्यांच्या जागी असते तर मीही घेतला असता. परंतु हा एकवीस हजारांचा फरक आला कुठून? बारा तासांच्या मावशींना ७०० मिळतात, म्हणजे तासाला ५८ रुपये. चोवीस तासांच्या मावशींना ८५० मिळतात, म्हणजे तासाला ३५. काम तेच, पेशंट तोच. रात्री त्या झोपतात असे सर्वांनी गृहीत धरलेले असते, आणि त्या गृहीतकावर सगळा दर उभा असतो. (बारा तासांची ड्युटी हीसुद्धा आठ तासांच्या कामाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आठ-आठ तासांच्या तीन मावशींचा दर सांगितला तर समोरचा माणूस हसून उठून जाईल.)

मावशी खरोखर किती झोपतात हे मी गेल्या पावसाळ्यात मोजून घेतले. प्रभादेवीला एक आजी आहेत, वय ८४, स्मृतिभ्रंश. त्यांच्याकडे नालासोपाऱ्याच्या आमच्या मावशी अडीच वर्षे चोवीस तासांच्या ड्युटीवर होत्या. एकदा मी भेटीला गेले तेव्हा मावशींची चटई पलंग आणि कपाट यांच्या मधल्या दोन हातांच्या जागेत अंथरलेली पाहिली. पलंगाच्या कठड्याला एक जुनी ओढणी बांधलेली होती. तिचे दुसरे टोक कशासाठी आहे असे विचारले, तेव्हा मावशींनी संकोचून सांगितले की रात्री ते टोक त्या स्वतःच्या मनगटाला बांधून झोपतात, म्हणजे आजींनी कठडा हलवला की त्यांना जाग येते. कारण एकदा आजी गुपचूप उठून दाराची कडी काढत होत्या. मी त्यांना एक पेन दिले आणि सांगितले की आठवडाभर, जाग आली की भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला वेळ लिहायची, बाकी काही लिहायचे नाही. पुढच्या सोमवारी तो कागद माझ्या हाती आला. पहिल्या रात्रीच्या ओळीत ११.४०, १.१०, २.३०, ३.१५, ४.४५ असे होते. सात रात्रींत मिळून एकतीस वेळा. एका रात्री शेवटच्या दोन वेळांची अक्षरे एकमेकांवर चढलेली होती आणि पुढे शाईची एक रेघ खाली घसरत गेली होती. लिहिता लिहिताच त्यांचा डोळा लागला असावा.

तो कागद घेऊन मी त्या घरी गेले. माणसे वाईट नव्हती. मुलगा आणि सून दोघांनी तो शांतपणे वाचला. रात्रीची वेगळी मावशी लावणे त्यांना झेपत नव्हते. सुनेने स्पष्ट सांगितले की आईंच्या औषधांना आणि मावशींना मिळून तिचा अर्ध्याहून जास्त पगार जातो. शेवटी तडजोड अशी झाली की दुपारी एक ते चार आजींजवळ शेजारच्या इमारतीतली एक बाई बसेल, तिला महिन्याला चार हजार दिले जातील आणि त्या वेळात मावशी आतल्या खोलीत दार लावून झोपतील. मावशींची मजुरी वाढली नाही. त्यांना झोप मिळाली, आणि ती त्यांना मजुरीपेक्षा मोलाची वाटली. या तडजोडीत माझा एक पैशाचा फायदा नव्हता, तरी त्या घराशी संबंध टिकला, हे आमच्या धंद्यात कमी नाही.

हजार रुपयांत चोवीस तासांची मावशी देणारे ब्युरो आमच्यापेक्षा कमी असलेले शंभर रुपये मावशींच्या झोपेतून आणि त्यांच्या म्हातारपणातून वाचवतात, ही माझी त्यांच्याविषयीची तक्रार आहे. ते लुटारू आहेत असे मला म्हणायचे नाही. त्यांतल्या काहीजणी माझ्याच जुन्या सिस्टर आहेत. स्पर्धा वरूनही येते. गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणाऱ्या ॲपवाल्या कंपन्या आधी स्वस्त दर लावतात, आम्ही दोन आठवडे बसवून शिकवलेल्या मावशी शंभर रुपये जास्त देऊन नेतात, आणि वर्षभराने दर वाढवतात. एका खासगी रुग्णालयात डिस्चार्जच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थांनी मला सरळ सांगितले होते की दर पेशंटमागे पहिल्या महिन्याचे दहा टक्के दिले तरच तुमचे कार्ड नातेवाइकांच्या हातात जाईल. मी दिले नाहीत, आणि तिथून येणारे काम थांबले. कुटुंबेही तीन महिन्यांनी मावशींना स्वयंपाकघरात बाजूला घेऊन "ब्युरो कशाला हवा मध्ये, आम्हीच तुम्हाला आठशे देऊ" असे सांगतात. त्या जातात, आणि वर्षाने पेशंट गेला की पुन्हा माझ्या दारात उभ्या राहतात. मी घेते. शिकलेली मावशी मिळणे इतके कठीण आहे की रुसून चालत नाही.

आमची एक सिस्टर २०२३ मध्ये ब्रिटनला घरी जाऊन सेवा देण्याच्या कामावर गेली. रविवारी तिचा फोन येतो. तिथे बऱ्याच पेशंटांचे पैसे स्थानिक परिषद भरते, तरीही तिचे मालक रडतच असतात असे ती सांगते. मी जरा खोलात जाऊन वाचले तेव्हा रडण्याचे कारण कळले. एप्रिल २०२५ पासून मालकाने भरायचे राष्ट्रीय विम्याचे योगदान १३.८ वरून १५ टक्के झाले, ते सुरू होण्याची पगाराची मर्यादा वर्षाला ९,१०० वरून ५,००० पौंडांवर उतरली आणि किमान वेतन तासाला ११.४४ चे १२.२१ पौंड झाले. परिषदांनी मोजलेला दर मात्र त्या वेगाने वाढला नाही. तिथल्या सेवादात्यांची संघटना दर वर्षी एका तासाच्या सेवेचा किमान खर्च जाहीर करते, आणि त्यात एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ, आजारपणाची रजा, प्रशिक्षण हे सर्व धरलेले असते. त्यांना तो दर मिळत नाही, पण निदान आकडा कागदावर आहे. जपानने तर २००० मध्ये यासाठी वेगळा विमाच काढला आणि चाळिशीपासून प्रत्येकाला त्याचा हप्ता भरायला लावला. आपल्याकडे केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण आखून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निधीतून घरोघरी परिचारिका पाठवल्या. महाराष्ट्रात रुग्णालयांसाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, घरकामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, आणि मावशी या दोहोंच्या मधल्या फटीत आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सुधारणा करणारे एक विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. त्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान निकष यांची तरतूद होती. त्याचा कायदा झाला नाही. नोंदणी आली असती तर माझे काम वाढले असते, तरीही ती यायला हवी होती, कारण मग हजार आणि अकराशे यांची तुलना एकाच मापाने झाली असती.

गणपतीचे दिवस हा आमचा वार्षिक परीक्षेचा काळ. निम्म्या मावशी कोकणात जातात, रिलीव्हरचा भाव दुप्पट होतो आणि तो वाढीव भाव मी कुटुंबांकडून मागत नाही, कारण एकदा मागितला तेव्हा अकरा घरे तुटली होती. त्या दहा दिवसांत जे नुकसान होते ते भरून यायला दिवाळी उजाडते. पगार सात तारखेला द्यायचे असतात, बिलांचे पैसे पंधरा तारखेपर्यंत येत राहतात, आणि मधल्या आठवड्यासाठी बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर मी दर महिन्याला व्याज भरते.

या महिन्यात मी सर्व घरांना नवे दरपत्रक पाठवले आहे. बारा तासांचे ९५० केले आणि त्या पन्नासांतले चाळीस मावशींना दिले. ज्या पेशंटला रात्री दोनपेक्षा जास्त वेळा उठावे लागते, त्याच्यासाठी एकटी मावशी चोवीस तास देणे बंद केले. दुपारची तीन तासांची बदली कुटुंबाने करायची, नाहीतर दोन मावशी घ्यायच्या. पत्र पाठवण्यापूर्वी मी ते तीन वेळा फाडले. चार घरांनी ब्युरो बदलला, सहा घरांनी घासाघीस करून मान्य केले, बाकीच्यांनी काही न बोलता नवी रक्कम पाठवली.

माहीमच्या गृहस्थांचा परवा फोन आला. त्यांनी हजारवाली मावशी घेतली आहे आणि आई बरी आहे. फक्त त्या मावशींना कॅथेटर बदलता येत नाही, तेव्हा मंगळवारी तासाभरासाठी सिस्टर मिळेल का, असे ते विचारत होते. आठशे रुपये होतील, असे मी सांगितले. ते "चालेल" म्हणाले. मंगळवारी सकाळी दहाला आमची सिस्टर जाईल.